तलावाचे चेअरमन

माझी चूक आधी सांगून टाकतो, म्हणजे बाकीचं मोकळेपणाने लिहिता येईल. ज्या माणसाने आम्हाला आपल्या गावात घर दिलं, माझ्या मुलीला बर्फावर चालायला शिकवलं आणि मी मासे खात नाही हे माहीत असूनही मला मच्छीमार सोसायटीचा सभासद करून घेतलं, त्या माणसाचा निरोपसुद्धा न घेता मी ते गाव सोडलं. त्या दिवशी ते जिल्ह्याच्या शहरात बैठकीला जाणार हे मला बरंच आधी ठाऊक होतं. सामानाच्या गाडीची तारीख मी त्या बैठकीवरूनच ठरवली. किल्ली त्यांच्या टपालपेटीत टाकली, त्यांच्याच दारात चिवड्याचा डबा ठेवला आणि गाव सोडल्याची सरकारी नोंद गाडीत बसल्या बसल्या फोनवरून केली. जपानमध्ये आता हे फोनवरून होतं. कोणाला तोंड दाखवावं लागत नाही.

मित्रांना मी सांगत आलो की कंपनीने अचानक टोकियोला बोलावलं. अचानक काहीही नव्हतं.

आता त्यांच्याविषयी.

घरात आम्ही त्यांना चेअरमन म्हणायचो. हे नाव माझ्या बायकोने, मेधाने ठेवलं. ती सांगलीकडची. तिचे वडील दूध संघावर संचालक होते, त्यामुळे सहकार तिने लहानपणापासून जेवणाच्या ताटावर ऐकलेला. आम्ही घर बघायला गेलो तेव्हा हे गृहस्थ दारात उभे राहिले आणि छप्पर, नळ, शेगडी यातलं काहीही दाखवायच्या आधी सोसायटीचे नियम समजावून सांगू लागले. मेधा मला बाजूला घेऊन म्हणाली, "मला भाषेतलं ओ की ठो कळत नाही, पण हा माणूस कशाचा तरी चेअरमन आहे. उभं राहणं बघ. अण्णा असेच उभे राहायचे, दूध नासलं तरी."

ते खरोखरच चेअरमन होते. तलावाच्या मच्छीमार सोसायटीचे. कितव्यांदा, ते त्यांनाही आठवत नसे. निवडणूक दर वेळी बिनविरोध व्हायची, कारण विरोधात उभं राहायला माणूस लागतो.

मी तेव्हा उत्तर जपानमधल्या सेंदाई शहरातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचो. ऑफिसला येऊ नका, घरूनच काम करा, असे दिवस आले. मेट्रो स्टेशनजवळच्या दोन खोल्यांमध्ये मी, मेधा आणि चार वर्षांची सई एकमेकांच्या अंगावर यायला लागलो. डोंगरापलीकडच्या तलावांच्या मुलखात रिकामी घरं राहायला देतात, असं कुणीतरी सांगितलं. आम्ही एका वसंतात गेलो आणि राहिलो.

त्या मुलखाची सगळी अर्थव्यवस्था बोटाएवढ्या एका माशावर उभी होती. वाकासागी म्हणतात त्याला. हिवाळ्यात तलाव गोठला की शहरातली माणसं येऊन बर्फावर तंबू ठोकतात, बर्फाला भोक पाडतात आणि वीतभर काठीने ते चंदेरी मासे काढत बसतात. त्या माणसांसाठी एक मुक्कामाची खानावळ, एक भज्यांची टपरी आणि एक पेट्रोलपंप. उन्हाळ्यासाठी हंसाच्या आकाराच्या पायडल मारायच्या होड्या होत्या, त्यात कोणी बसत नसे. आणि मासा तरी आपोआप कुठे होतो? दर वसंतात सोसायटी अंडी आणून तलावात सोडते, तेव्हा पुढच्या हिवाळ्यात तो सापडतो.

चेअरमन ही साखळी बोटांवर मोजून सांगायचे. पोस्टमनला, सईला, शब्दही न कळणाऱ्या मेधाला. सोसायटी नाही तर अंडी नाहीत. अंडी नाहीत तर मासे नाहीत. मासे नाहीत तर तंबू नाहीत. तंबू नाहीत तर खानावळ नाही. मग मूठ मिटायची आणि म्हणायचं, "मग फक्त पाणी."

खरी अडचण सोसायटीची होती. गावात राहणारे आणि तलावावर मासेमारी करणारे किमान इतके सभासद हवेत, असा कायदा. त्यापेक्षा एक जरी कमी झाला तरी सोसायटी राहत नाही. सभासद सगळे सत्तरी-ऐंशीचे, आणि आम्ही गेलो तेव्हा संख्या अगदी काठावर आली होती.

मृत्यू हा शब्द चेअरमन वापरत नसत. माणूस गेला की ते म्हणत, त्याने राजीनामा दिला. कोणी मुलाकडे शहरात राहायला गेला तर ती दीर्घ रजा. एकदा चहा पिताना मी त्यांच्या पत्नीविषयी विचारलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तिने राजीनामा दिला. मला न विचारता. तशी सवयच होती तिला." आणि माझ्या कपात चहा ओतला.

मला सभासद करून घेण्याचा प्रसंग आमच्या अंगणात घडला. मी कपडे वाळत घालत होतो.

"तू इथेच राहतोस ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग सोसायटीत ये."

"पण मी मासे खात नाही."

"अजिबात?"

"अजिबात. आमच्या घरात कोणीच खात नाही."

ते विचारात पडले. मला वाटलं सुटलो. "उत्तम," ते म्हणाले. "तलावाला असाच सभासद हवा होता. बाकीचे खातात म्हणून तर मासे कमी आहेत."

मेधा दारातून बघत होती. तिला सांगितल्यावर ती इतकी हसली की पायरीवर बसली. सदाशिव पेठेतल्या माझ्या आईला फोनवर कळवलं, तर ती एवढंच म्हणाली, "बाबांना सांगू नकोस."

सभासदाने वर्षातले काही दिवस तरी गळ टाकलाच पाहिजे, असा नियम होता. त्यामुळे जानेवारीत चेअरमन मला बर्फावर घेऊन गेले. तंबूत एका छोट्या स्टोव्हजवळ आम्ही दोघं गुडघे जुळवून बसायचो. गळाला मासा लागला की काठीचं टोक शहारल्यासारखं हलायचं, आणि मी मनातल्या मनात त्या माशाची क्षमा मागायचो. माझ्या चेहऱ्यावर ते दिसत असावं. "त्याला वाईट वाटत नाही," ते म्हणायचे. "त्याला आपणच आणलंय. तो आपला देणेकरी आहे." माझे मासे ते घेऊन जायचे. बदल्यात मला कमळकाकडीची आणि लाल भोपळ्याची भजी तळून द्यायचे, आणि ती वेगळ्या कढईत. ही कढई त्यांनी शहरातून मुद्दाम आणली होती. तिच्या दांड्याला हिरवी चिकटपट्टी लावली होती. एकदा टपरीवाल्या बाईंनी चुकून तिच्यात मासा टाकला, तर चेअरमननी कढई तीनदा घासायला लावली आणि वर ऐकवलं, "ही सभासदाची आहे."

सभेत मात्र ते मला "आपण" म्हणत. बर्फावर "तू" आणि सभेत "आपण", यात कधी गल्लत नाही. सभा भरायची गावच्या बंद शाळेत, पहिलीच्या वर्गात. मोठ्या वर्गांची छपरं गळत होती. त्यामुळे ऐंशीच्या घरातले सभासद सहा वर्षांच्या मुलांच्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीशी घेऊन बसायचे. चेअरमन सर्वांची नावं एकामागून एक घ्यायचे. खोलीत कोण आहे ते समोर दिसत असायचं, सगळे एकमेकांना जन्मापासून ओळखत, पण नाव घेतलं की "हजर" म्हणावंच लागे. एक आजोबा दर वेळी झोपलेले असत. चेअरमन थांबत. शेजारी कोपराने ढोसत. आजोबा डोळे न उघडता म्हणत, "हजर." मग पुढचं नाव.

"झोपलेला माणूस हजर कसा?" मी एकदा विचारलं.

"घरी झोपला नाही ना," ते म्हणाले. "इथे येऊन झोपला."

पाणकावळ्यांशी त्यांचं वैर होतं. तो पक्षी दिवसाला किती वाकासागी गिळतो याचा विचार करूनच त्यांना पित्त व्हायचं. पण शिवी देणं चेअरमनना शोभत नाही, म्हणून ते काठावर उभे राहून पाणकावळ्यांना अतिशय सभ्य, दरबारी जपानीत विनंती करायचे. मराठीत सांगायचं तर, "आपण कृपा करून येथून प्रस्थान करावे, ही नम्र प्रार्थना." आणि हातातल्या पातेल्यावर पळी हाणायचे. सईने ती विनंती शब्दशः पाठ केली. पुढे टोकियोजवळच्या इचिकावाच्या घरात एकदा आमच्याकडे पाहुणे जरा जास्त वेळ बसले, तेव्हा तिने ती त्यांना ऐकवली.

गावातल्या रिकाम्या घरांच्या किल्ल्या चेअरमनकडेच असत. रोज एका घरी जाऊन ते खिडक्या उघडायचे, तिथेच स्वतःपुरता चहा करायचे आणि घरमालकाच्या आवडीनिवडीवर टीका करायचे. "हा पडदा बघ. या माणसाला मी सांगितलं होतं, जांभळा नको." तो माणूस ओसाकाला जाऊन कित्येक वर्षं झाली होती. मी म्हणालो, "पडदा काढून टाका ना." ते म्हणाले, "परवानगीशिवाय? तो आल्यावर काय म्हणेल?"

एकदा सेंदाईच्या विद्यापीठातून संशोधक आले. लोकसंख्या कमी होत चाललेल्या वस्त्यांचा अभ्यास. तरुण, हुशार, नम्र मुलं. पहिलीच्या वर्गात पडदा लावून त्यांनी आम्हाला आमचाच आलेख दाखवला. तो डावीकडून उजवीकडे खाली उतरत होता. मी संगणकाचा माणूस, मला आलेख सुबक वाटला. शेवटी त्यातल्या एका मुलीने चेअरमनना विचारलं, "तुमच्या दृष्टीने इथली मुख्य समस्या कोणती?"

"समस्या काही नाही," ते म्हणाले. "तुम्ही चांगली माणसं आहात. फक्त संध्याकाळच्या बसने परत जाता."

ती मुलं हसली. मीही हसलो. तेव्हा मला वाटत होतं की हे वाक्य माझ्याविषयी नाही.

सई सहा वर्षांची व्हायला आली. गावची शाळा बंद, जवळची शाळा खिंडीपलीकडे. तिकडे जाणारी बस आमच्या घरापासून बऱ्याच अंतरावरून वळायची. त्याच सुमाराला कंपनीने विचारलं, टोकियोचं काम घेणार का. ऑफिस कोतोमध्ये, जवळच भारतीय शाळा, आणि राहायला इचिकावा, जिथे आपली बरीच माणसं आहेत. मेधाला गाव आवडत होतं, पण हिवाळ्यात दिवसेंदिवस मराठी बोलायला मी सोडून कोणी नव्हतं, आणि मी दिवसभर कानाला हेडफोन लावून बसलेला. सई आम्हाला जपानीतून उत्तरं द्यायला लागली होती, तीही त्या तलावाच्या गावठी जपानीतून. आम्ही जायचं ठरवलं. त्यात चूक काही नव्हती, हे मी आजही मानतो. मेधा म्हणाली, "आज सांग त्यांना." मी म्हणालो, "सांगतो." रोज म्हणालो.

मग एका दुपारी चेअरमन दारात आले. अंगावर बैठकीचा कोट, म्हणजे काहीतरी घडलं होतं. ते बसलेसुद्धा नाहीत.

"झालं," ते म्हणाले. "एप्रिलपासून बस इथवर येणार. तुझ्या दारापर्यंत."

टाऊन ऑफिसात ते हिवाळाभर खेटे घालत होते, हे मला ठाऊकही नव्हतं. एका मुलीसाठी बसचा मार्ग वाढत नाही, असं त्यांना सांगितलं गेलं. ते पुन्हा गेले. पुन्हा सांगितलं. ते पुन्हा गेले. शेवटी बहुधा त्यांना घरी पाठवण्याचा तेवढाच एक उपाय उरला असावा.

"थांबा कुठे हवा?" त्यांनी विचारलं. "फाटकाशी की झाडाखाली? पाऊस असतो, मी झाडाखाली म्हटलंय. पण आई म्हणेल ते."

इचिकावाचा फ्लॅट आदल्या आठवड्यात ठरला होता. मेधा माझ्या मागे उभी होती. बोलायला त्याहून योग्य क्षण मला पुन्हा मिळणार नव्हता, हे मला कळत होतं. मी कमरेत वाकलो आणि म्हणालो, "मनापासून आभारी आहे."

"झाडाखाली ना?"

"झाडाखाली," मी म्हणालो.

ते गेल्यावर मेधा आत जाऊन खोके भरायला लागली. पुढचं सुरुवातीला सांगितलंच आहे.

टोकियोत दिवस भराभर गेले. सईची शाळा, माझी लोकल, कचऱ्याचे वार. चेअरमनचा फोन आला नाही, आणि न आल्याचं मला बरं वाटायचं. मी स्वतःला समजावलं की त्यांना कोणी ना कोणी मिळाला असेल.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस टपरीवाल्या बाईंचा फोन आला. त्याच सोसायटीच्या सेक्रेटरीही होत्या. "ते सांगणार नाहीत म्हणून मी सांगते," त्या म्हणाल्या. "तुम्हाला दोष द्यायला फोन केलेला नाही." मग त्यांनी सांगितलं.

आम्ही गेलो त्यानंतरच्या वार्षिक सभेत चेअरमननी नेहमीप्रमाणे नावं घेतली. माझं नाव आलं. सामानाची गाडी सगळ्या गावाने पाहिली होती. चेअरमन म्हणाले, "कामानिमित्त बाहेरगावी," आणि पुढचं नाव घेतलं. कोणी हरकत घेतली नाही. माझं नाव गाळलं असतं तर सोसायटी त्याच दिवशी संपली असती. पुढच्या वर्षी तेच. मग जिल्ह्याहून तपासणीला अधिकारी आला. त्याने सरळ विचारलं, हा सभासद इथे राहतो का. चेअरमन उभे राहिले आणि म्हणाले, "नाही. मला माहीत होतं." आणि त्याच बैठकीत त्यांनी पद सोडलं. सोसायटी खालच्या खोऱ्यातल्या मोठ्या सोसायटीला जोडली गेली. आता अंडी किती द्यायची ते तिकडे ठरतं. ज्या वर्षी उरतील, त्या वर्षी मिळतात.

झोपलेल्या माणसाकडूनही "हजर" म्हणवून घेणारा तो माणूस माझ्यासाठी सभेत उभा राहून खोटं बोलला होता. आणि त्यापायी त्याने खुर्ची सोडली होती.

मी फोन करायला घेतला. मेधाने तो हातातून काढून घेतला. "फोनवर माफी मागू नकोस," ती म्हणाली. "फोनवरूनच तर गाव सोडलं होतंस."

एप्रिलमध्ये मी एकटाच गेलो. मिठाईचा खोका घेतला. ऑफिसातल्या एका जपानी सहकाऱ्याकडून माफीचं बोलणं तोंडपाठ करून घेतलं. ग्राहकाचा सर्व्हर बंद पडला की आम्ही वापरतो, तेच. ट्रेनमध्ये ते इतक्यांदा म्हटलं की शेजारची बाई उठून दुसरीकडे बसली.

चेअरमन तलावाच्या उथळ पाण्यात उभे होते, मांडीपर्यंत रबरी बूट घालून. खूप बारीक झाले होते. त्या वर्षी अंडी मिळाली होती. काथ्यासारख्या तंतूंच्या चौकटींवर ती चिकटलेली असतात, मोहरीहून बारीक. अशा चौकटी एका लांब काठीला अडकवून दोन माणसांनी आत न्यायच्या असतात. काठीचं एक टोक त्यांच्या हातात होतं, दुसरं टोक काठावरच्या दगडावर टेकलेलं. दुसरा माणूस कुठे दिसत नव्हता.

मला बघून त्यांच्या चेहऱ्यावर काहीही उमटलं नाही. "आलास?" ते म्हणाले. "ते टोक धर."

मी खोका खाली ठेवला, बूट काढले, पँट दुमडली आणि पाण्यात उतरलो. पाणी इतकं गार होतं की श्वास अडकला. टोक उचललं आणि पाठ केलेलं बोलणं सुरू केलं. सुरू केलं की कंबर आपोआप वाकते. काठी माझ्या बाजूने कलली.

"सरळ उभा राहा," ते म्हणाले. "अंडी चिखलात जातील."

मी ताठ झालो. "माझ्यामुळे आपणा सर्वांना जी तसदी झाली, त्याबद्दल…"

"हे कंपनीचं बोलणं आहे. पाण्यात उभं राहून असं कोणी बोलत नाही. चल पुढे."

आम्ही पुढे गेलो. पाणी गुडघ्याच्या वर आलं. मी विचारलं, "तुम्ही सभेत तसं का सांगितलंत? मी गेलो होतो, तुम्हाला माहीत होतं."

ते काठी सावरत होते. "गाडी गेलेली माहीत होतं," ते म्हणाले. "पण तू जातोस असं मला सांगितलं नव्हतंस. तोंडाने न सांगता गेलेला माणूस बाहेरगावी गेलेलाच असतो. दोन वर्षं वाट बघितली. मग त्या अधिकाऱ्याने विचारलं."

ते थांबले. काठी दोघांच्या हातात, मध्ये ओळीने चौकटी, आणि समोरासमोर आम्ही. मान खाली घालता येत नव्हती. जपानमधल्या इतक्या वर्षांत मी कोणाच्या डोळ्यांत बघत माफी मागितली नव्हती.

"मी गेलो होतो," मी म्हणालो. "कायमचा. तुम्ही बसचं सांगायला आलात तेव्हा तिकडचं घर ठरलेलं होतं, आणि मी तुमचे आभार मानले. तुम्ही शहरात असाल तोच दिवस मी मुद्दाम निवडला, कारण तुम्ही समोर असता तर मला निघता आलं नसतं. तुम्हाला जे खोटं बोलावं लागलं ते माझं होतं. मला माफ करा."